इवायांची वेस

जगात राजाविरुद्ध बंड करणारी माणसं पुष्कळ होऊन गेली, पण सकाळी व्याह्याविरुद्ध बंड पुकारायचं, दुपारी त्याच्या राज्यातून फुटून निघायचं आणि संध्याकाळी त्याच व्याह्याच्या ओट्यावर बसून बशीतून चहा भुरकायचा, असा माणूस देवानं एकच घडवला आणि तो नेमका माझ्या थोरल्या लेकीचा सासरा करून ठेवला. आता यात राजा कोण, तर मी. तसा मी दुसरी पास झालेला शेतकरी. तिसरीत मास्तरांचं आणि माझं एका गोष्टीवरून वाजलं. मास्तर काही शाळा सोडायला तयार होईनात, म्हणून मी सोडली. पण आमच्या गावात पोळ्याला वेशीतून पहिली जोडी जायची ती आमच्या घराची. आजा गेला, बाप गेला, मान तसाच राहिला. शिवाय ग्रामपंचायतीत माझी एक खुर्ची होती, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी टेकलेलंसुद्धा मला चालत नसे. एवढ्या भांडवलावर आमच्या व्याह्यांनी मला इंग्लंडच्या राजाच्या जागी नेऊन बसवलं. त्या जागी मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही, हेही सांगून टाकतो.

आमचं गाव दौंड तालुक्यात, केडगाव स्टेशनापासून सायकलच्या टप्प्यात. गावाच्या अंगाला कॅनॉल, कॅनॉलवर एक अरुंद पूल आणि पुलापलीकडं वाडी. ही वाडी आमच्याच ग्रामपंचायतीत होती. लेक तिथं दिली तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "बरं झालं, हाक मारली तर ऐकू जाईल." पुढं तिथं परदेश होणार आहे हे त्यांना काय ठाऊक! व्याह्यांना वाडीत सगळे आप्पा म्हणत. मी त्यांना इवाय, म्हणजे व्याही, म्हणायचो आणि ते मला इवाय म्हणायचे, त्यामुळं आमचं भांडण लांबून ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी भांडतोय असं वाटायचं. अंगानं बाभळीच्या काठीसारखे, आवाजानं भोंग्यासारखे, आणि डोक्यावरची टोपी कायम एका कानावर, जणू दुसरा कान त्यांनी लोकांचं म्हणणं ऐकायला मोकळा ठेवला होता. ऐकायचे मात्र कुणाचंच नाहीत.

या सगळ्या बंडाचं बी पडलं केडगावला. तरुणपणी ते तिथल्या मिशनच्या बागेत माळीकाम करायचे. तिथं अमेरिकेच्या एक बाई होत्या. झाडांना पाणी घालता घालता त्या आपल्या देशाच्या गोष्टी सांगायच्या, आणि आमचे इवाय पाइप हातात धरून ऐकत राहायचे. त्या ऐकण्यापायी बागेतल्या किती कुंड्या बुडाल्या याचा हिशेब नाही. पण गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात पक्की बसली, आणि बसताना तिनं आमच्या मुलखाचे कपडे घातले.

"तिकडं राजाच्या तेरा वाड्या व्हत्या, इवाय," ते सांगायचे. "मधी समुद्र. पट्टी भरायची वाड्यांनी, आन् पंचायत बसायची लंडनात. वाडीचा एकबी मेंबर न्हाई तिथं. आता तुमीच सांगा, लंडनात बसून वाडीतलं तुंबलेलं गटार दिसतंय व्हय?"

"तवा तिकडं गटारं व्हती का?" मी विचारायचो.

"मानसं हायती तिथं गटारं हायती. मग त्या वाड्या उठल्या, म्हनल्या, तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी. आन् सोताची पंचायत केली. तेरा वाड्या फुटल्या, इवाय. आमची चौदावी."

आता माणसाला एखादी गोष्ट आवडली तर तो ती चार माणसांत सांगतो आणि गप्प बसतो. आमच्या व्याह्यांनी ती घरात लागू केली. दौंडच्या भंगारातून त्यांनी रुळाचा एक तुकडा आणला आणि दारच्या लिंबाला टांगला. काहीही ठरवायचं असलं की त्यावर दगडानं ठणठण करायचे, घरचे दारचे जमले की प्रश्न मांडायचे आणि हात वर करायला लावायचे. म्हैस विकायची का, मताला टाका. नातवाच्या जावळाला कुणाकुणाला बोलवायचं, मताला टाका. दुपारचं कालवण कशाचं, हेही मताला. या सगळ्या सभांमध्ये आमच्या ईनबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, कायम विरोधात. एकट्याच. ठराव कसलाही असो, त्यांचा हात खालीच. शेपूच्या भाजीचा ठराव सगळ्यांच्या हातांनी मंजूर व्हायचा आणि ताटात मेथी पडायची. इवाय तक्रार करायला तोंड उघडणार तोच ईनबाई म्हणायच्या, "ठराव तुमचा, चूल माझी." त्यावर ते माझ्याकडं बघून मान डोलवायचे. "इरोधी पक्ष पायजेच, इवाय. त्याच्याबिगर राज्य म्हंजी नुसता दरबार." आणि मेथी खायचे.

नव्वद सालाच्या पुढं कधीतरी ग्रामपंचायतीनं घरपट्टी वाढवली. मग काय, इवाय इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते त्यांना मिळालं. त्या तेरा वाड्यांनी राजाचा चहा समुद्रात ओतला होता, असं बाईंनी सांगितलं होतं. समुद्र आमच्याकडं नव्हता, पण कॅनॉल होता. चहाही होता, कारण वाडीत दुकान नसल्यामुळं सगळी चहापूड आमच्या गावातून जायची. त्यांनी रूळ वाजवला आणि ठराव केला की ज्याच्या घरात गावचा चहा असेल त्यानं तो घेऊन पुलावर यावं. सगळ्यांनी हात वर केले. माणसं आली, पण बायका हुशार. त्यांनी पुरुषांच्या हातात गाळून उरलेला चोथा दिला होता. नवाकोरा पुडा आणला तो एकट्या इवायांनी, ईनबाई शेजारणीकडं गेल्या आहेत असं बघून. आणि कॅनॉलला तर महिनाभर पाणीच सुटलं नव्हतं. त्यांनी मोठ्यानं "राजाचा धिक्कार असो!" म्हणून पुडा फोडला, ती पूड खाली धुळीत पडली, आणि दोन शेळ्या येऊन ती हुंगून निघून गेल्या. मी अलीकडच्या तोंडाला उभा होतो. म्हटलं, "इवाय, समुद्र कोरडा हाय." तर म्हणाले, "सुटंल तवा जाईल व्हावून. बंड काय पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याला इचारून करायचं व्हय?"

संध्याकाळी दिवेलागणीला आमच्या ओट्यावर हजर. आमच्या मंडळींना म्हणाले, "ईनबाई, जरा चहा टाका. आमच्याकडं ठणठणाट हाय, आन् घरी तोंड उघडायची सोय न्हाई."

मी म्हटलं, "हाच चहा सकाळी राजाचा व्हता ना?"

"त्या तेरा वाड्यांनी काय जन्मभर चहा सोडला व्हता? ओतायचा तवा ओतायचा, प्यायचा तवा प्यायचा. साखर टाका जरा."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण इवायांचा खरा सल घरपट्टीचा नव्हता, पोळ्याचा होता, आणि तो मला माहीत होता. आमच्याकडं पोळा भादव्यात. दगडी वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि त्याखालून बैल न्यायचे. आधी आमची जोडी, मग भावकीची, मग बाकीच्या आळ्यांची, मग वाडीची, आणि वाडीतही बौद्धवस्तीतल्यांची अगदी शेवटी. सकाळपासून धुतलेले, शिंगांना हिंगूळ लावलेले, झुली पांघरलेले वाडीचे बैल ओढ्यात ताटकळत उभे असायचे. त्यांची पाळी येईपर्यंत वाजंत्री पांगलेले असायचे, तोरणाची पानं कुणीतरी ओरबाडलेली असायची आणि घरी पुरणपोळीची पार चामडी झालेली असायची. इवायांचा बैल होता पाखऱ्या. पांढराशुभ्र, खिलार, तालुक्यात तशी चाल नव्हती. एका पोळ्याला ते मला म्हणाले होते, "इवाय, तुमच्या जोडीपरास माझा पाखऱ्या काय वाईट हाय?" मी म्हटलं, "बैलाचा प्रश्न न्हाई, मानाचा हाय." ते पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाखऱ्या एकदा वेशीतून पहिल्या उजेडात जावा, एवढंच त्यांना हवं होतं. तेरा वाड्या त्यासाठी जमवल्या होत्या.

मग त्यांनी वेगळ्या ग्रामपंचायतीचा अर्ज केला. अर्ज दौंडला गेला, तिथून पुण्याला गेला, तिथं झोपला, परत उठला. ग्रामसभेत विषय आला तेव्हा इवाय मोठ्या लढाईच्या तयारीनं आले होते, टोपी सरळ घालून. आणि आमचं गाव म्हणालं, "जाऊ द्या की. तेवढंच वाडीच्या दिव्यांचं बिल वाचंल." संपलं! इवाय उभेच राहिले. तिकडच्या राजानं समुद्रापलीकडून फौजा पाठवल्या आणि इथं आमच्या गावानं सुपारी कातरता कातरता राज्य सोडून दिलं. त्यांचं तोंड इतकं उतरलं की सभा सुटल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इवाय, तुमी तरी जरा भांडा. असं फुकट मिळालेलं सोतंतर लोकांना गोड लागत न्हाई." मग मी भांडलो. मला भांडायला आर्जव लागत नाही. पुढच्या सभेत तासभर मी वाडी फुटू देणार नाही म्हणून टेबल बडवलं, आणि ते तासभर मला जुलमी राजा म्हणून ओरडले. दोघांचेही घसे बसले. घरी जाताना त्यांनी माझ्या सायकलला मागून हात देऊन चढ चढवून दिला.

वाडी वेगळी झाली त्या दिवसापासून इवायांनी पूल ओलांडायची तऱ्हाच बदलली. मध्यावर थांबायचे, चपला काढून झाडायचे, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, "परदेशी चाललोय." आमच्या ओट्यावर टेकले की पहिला प्रश्न, "काय इवाय, तुमच्याकडं पाऊस हाय का?" अहो, त्यांच्या गोठ्यावर पडलेला पाऊस माझ्या उसावर पडायचा! मी चिडून म्हणायचो, "इथनं तुमचा लिंब दिसतोय, पाऊस काय इचारताय?" ते शांतपणे बशी तोंडाला लावायचे. "दिसतंय म्हनून काय झालं? दुसऱ्या मुलखाची इचारपूस करावी लागती."

नव्या पंचायतीत सरपंचाची जागा बायकांसाठी निघाली. इवायांनी रूळ वाजवून ईनबाईंचं नाव मांडलं. ईनबाई म्हणाल्या, "म्या न्हाई बसायची. खुर्चीत बसल्यावर इरोध कुनाला करू?" मग नाव आलं सुनेचं, म्हणजे माझ्या लेकीचं, आणि ती बिनविरोध आली, बिनविरोध म्हणजे ईनबाई सोडून. मी लगेच पूल ओलांडून गेलो, मध्यावर चपला झाडल्या आणि इवायांना पेढा भरवला. म्हटलं, "घ्या. लढलात तुमी, आन् गादीवर बसली राजाची लेक." पेढा तोंडात असल्यामुळं त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. माझ्या आयुष्यातला तो एक उत्तम क्षण आहे.

राज्य झालं, पंचायत झाली, राहिली वेस. इवाय म्हणाले, वेशीशिवाय गाव कसलं? बांधावरचे दगड गोळा केले, घोडनदी गावचा एक गवंडी आणला आणि पुलापलीकडच्या पडीक रानात दोन खांब आणि वर कमान उभी केली. एक बैलजोडी शिंगांच्या गोंड्यांसकट बरोबर जाईल एवढी रुंद. पण वेशीला दोन्हीकडं गावकूस असावं लागतं. इथं डावीकडं मोकळं रान आणि उजवीकडंही मोकळं रान. ऐन माळावर नुसतं दार. आमचं सगळं गाव पुलावर येऊन हसून गेलं. "आप्पा, भिंत कुठं हाय?" "आधी दार," आप्पा म्हणाले. "आत कोन, भायेर कोन, ते ठरल्यावर भिंतीचं बघू."

आणि तिथंच घोळ झाला. वेशीच्या माथ्यावर गणपती बसवतात, त्याचं तोंड गावाबाहेर, येणाऱ्याकडं. गवंड्यानं विचार केला, देव आहे, तो उगवतीकडं बघायला हवा. उगवतीकडं होती वाडी. म्हणजे गणपतीच्या हिशेबानं वाडी पडली वेशीच्या बाहेर, आणि पूल, कॅनॉल, आमचं गाव, केडगाव, पार पुण्यापर्यंतचं सगळं पडलं आत! सिमेंट वाळल्यावर हे ध्यानात आलं. गवंडी घोडनदीला निघून गेलेला. मी खास बघायला गेलो. म्हटलं, "इवाय, एवढं करून तुमी भायेरच ऱ्हायलात की." त्यांनी एकदा गणपतीकडं बघितलं. मग टोपी कानावर सरकवून म्हणाले, "बराबर हाय त्यो. आजपासनं तुमचं गाव आमच्या वेशीच्या आत. पट्टी कवा भरताय?"

नव्या वेशीतला पहिला पोळा आला. इवायांनी पाखऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला पहाटेच धुऊन काढलं होतं. झूल नवी, बाशिंग नवं. आणि वेशीपुढं येऊन बघतात तर सगळ्या वाडीचे बैल आधीच येऊन ठेपलेले, आणि प्रत्येकाला पहिलं जायचंय! एक भावकी म्हणाली, दगड आमच्या बांधाचे. दुसरी म्हणाली, रान आमचं. तिसरी म्हणाली, आम्हाला पहिला मान नसेल तर आमची वस्ती वाडीतून वेगळी करून द्या, आम्ही आमची वेस बांधतो. कासरे ताणले गेले, बैल बिथरले. मी पुलावरून बघत होतो. आम्हाला निमंत्रण होतं, पण ते 'शेजारच्या राष्ट्राचे पाहुणे' म्हणून होतं, तेव्हा मी हद्द सोडली नाही. माझा स्वभाव आहे तो.

तेवढ्यात बौद्धवस्तीतला गँगमन पुढं झाला. दौंडला रेल्वेत नोकरीला, वाडीत घर आणि बैलजोडी. पूजेबिजेचं त्याला काही नव्हतं, पण जोडी त्याची देखणी. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, एक सांगा. गावच्या वेशीत आम्ही शेवटी. हितं पहिल्या नंबरासाठी मारामारी चाललीय, त्यातबी आमचं नाव कुनी घेतलं न्हाई. म्हंजी हितंबी आम्ही शेवटी. मग ही वाडी स्वतंत्र झाली ती कुनाची?"

इवाय पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभे. मग म्हणाले, "मिशनच्या त्या बाईला म्या इचारलं व्हतं रं. म्हनलं, त्या तेरा वाड्यांत इकत घेतलेली मानसं राबत व्हती म्हंत्यात, त्यांचं राज्य कवा आलं? बाई गुलाबाला पानी घालीत ऱ्हायली. त्या साली गुलाब मुळातनं कुजला."

आणि खाली बसले. पाखऱ्याला पहिल्या उजेडात वेशीतून न्यायचं म्हणून राज्य उभं केलं होतं. आता त्याला नेला तर ते स्वतःच राजा होणार होते, आणि न नेला तर बाकीचे एकमेकांची डोकी फोडणार होते. तेव्हा माझी लेक पुढं आली. सरपंच होती ना ती. पदर खोचून म्हणाली, "मामंजी, भिंत कुठं हाय?"

आमच्या गावानं हाच प्रश्न विचारून पोट धरून हसून घेतलं होतं. इवायांना वाटलं, आता सूनही थट्टा करतेय. ती म्हणाली, "भिंतच न्हाई तर दारातनं एकेकानं कशापायी जायचं? एवढं रान मोकळं पडलंय."

इवाय उठले ते एकदम उडीच मारून. रूळ वाजवायला वेळ नव्हता, तिथंच ओरडले, "मताला!" हात वर झाले. ईनबाईंचा राहिला खाली. आणि मग वाडीचे सगळे बैल या बांधापासून त्या बांधापर्यंत एका ओळीत उभे राहिले, गँगमनची जोडी पाखऱ्याच्या शेजारी, आणि वाजंत्र्यांनी ताशावर काठी टाकली तशी ती सगळी ओळ एकदम निघाली. काही बैल वेशीच्या डावीकडून गेले, काही उजवीकडून. मधली वेस मोकळीच. तिच्यातून कुणी गेलं नाही. मधे फक्त तोरण हलत होतं आणि वर गणपती भलतीकडं बघत होता. मी पुलावरून पाहिलं. आमच्या गावचा पोळा त्या दिवशी लवकर आटोपला होता. माझी जोडी पहिली गेली, पण मागं वळून बघितलं तर रांग ओढ्यापर्यंतसुद्धा नव्हती. मागं कुणी ताटकळलं नाही तर पहिलं गेल्यासारखं वाटत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हे मी इवायांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पुढं रांजणगावला कारखाने आले. पोरं कारेगावात खोल्या करून राहायला लागली, रानात ट्रॅक्टर आले आणि बैल एकेक करून बाजाराला गेले. माझी जोडीही गेली. पोरांनी विकली आणि मला उसाचं बिल दाखवावं तसं सांगितलं. वाडीची ती बांधापासून बांधापर्यंतची ओळ आखडत आखडत पाच जोड्यांवर आली, दोनवर आली, आणि शेवटी एकटा पाखऱ्या राहिला. त्याचा जोडीदारही गेलेला. लोक म्हणायचे, "आप्पा, आता पहिला त्योच आन् शेवटचाबी त्योच. न्या की वेशीतनं, कोन नको म्हंतंय?" इवाय त्याला बाजूनंच न्यायचे.

मग एका साली पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावाच्या ध्यानात आलं की वेशीतून न्यायला गावात एकही बैल नाही. तरणी पोरं म्हणाली, मानाचा ट्रॅक्टर नेऊ. मला ते सोसेना. आजा-बापाचा मान डिझेलवर जायचा? दुपारी मी पूल ओलांडला, चपला झाडल्या आणि इवायांच्या अंगणात जाऊन बसलो. चहा झाला. पावसाचं झालं. सांध्यांचं झालं. मी पाखऱ्याकडं बघत होतो आणि इवाय माझ्याकडं.

"बैल बरा हाय," मी म्हटलं.

"हाय की."

"म्हातारा झाला."

"सगळेच झाले."

मग ते उठले आणि रूळ वाजवला. माणसं जमली. म्हणाले, "शेजारच्या मुलखाला उद्याच्यापुरता पाखऱ्या द्यावा का? परदेशाचा मामला हाय, ठराव लागंल." सगळ्यांनी हात वर केले. गँगमन आता रिटायर झाला होता, त्यानंही केला. ईनबाई खाली बसलेल्या, हात मांडीवर. इवाय म्हणाले, "झालं, इरोध नोंदला."

"माझा इरोध बैलाला न्हाई," ईनबाई म्हणाल्या. "इवाय अजून काय बोललेच न्हाईत. ज्याला पायजे त्यानं तोंडानं मागावं. आमी गावाकडं वेगळं राज्य मागितलं तवा उभं राहून मागितलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी लेकसुद्धा. मी आयुष्यात कुणाकडं विळ्याचा दांडासुद्धा मागितलेला नाही. पण उभा राहिलो. म्हटलं, "इवाय, आमच्या वेशीला बैल न्हाई. तुमचा पाखऱ्या द्या."

ईनबाईंनी हात वर केला. इवाय त्या हाताकडं बघत राहिले. असा तो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्या पूल ओलांडून आला. शिंगांना हिंगूळ, पाठीवर जुनी झूल. वेशीपुढं आल्यावर मी म्हटलं, "इवाय, जावा पुढं. मान तुमचा." इवाय थांबले. म्हणाले, "पयला कोन ही भानगड आमच्या राज्यात न्हाई." मीही हटणारा नव्हतो, तेही नव्हते, आणि मागं बाशिंगं बांधलेले ट्रॅक्टर घुर्रघुर्र करत उभे. पाखऱ्याच शहाणा. तो निघाला. पण जन्मभर जोडीत डावीकडं चाललेला बैल. त्यानं वेशीत शिरताना डावा खांब धरला आणि उजवीकडं जोडीदाराची जागा मोकळी सोडली.

इवायांनी कासरा धरला होता. त्या मोकळ्या जागेकडं त्यांनी बघितलं आणि मला म्हणाले, "या, इवाय. जोडी पुरी करा."

आणि मी, पिढ्यान्‌पिढ्यांचा मानकरी, त्या बैलाच्या जोडीदाराच्या जागी लागलो आणि वेशीतून चाललो. पोरं हसली. हसू द्यात. तोरणाची पानं माझ्या टोपीला लागली तेव्हा ऊन चांगलं वर होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पाखऱ्या बसला तो उठला नाही. त्याला वेशीच्या आत पुरावा की बाहेर, यावर सभा झाली. गणपतीमुळं कुणालाच नक्की सांगता येईना. शेवटी बरोबर कमानीच्या रेघेत पुरला. त्यानंतर ईनबाईही गेल्या. तेव्हापासून इवायांच्या घरातले सगळे ठराव एकमतानं मंजूर होतात, शेपूचा झाला तर ताटात शेपूच येतो, आणि ते म्हणतात, "जेवनाला चव न्हाई, इवाय."

आता त्यांच्यानं पूल ओलांडवत नाही आणि माझ्या गुडघ्यांनीही चढाचं नाव टाकलंय. संध्याकाळी ते पुलाच्या त्यांच्या तोंडाला बसतात, मी माझ्या. कान दोघांचेही गेलेत. ते ओरडून विचारतात, "इवाय, तुमच्याकडं पाऊस हाय का?" पूर्वी मी चिडायचो. आता वर बघतो, नीट बघतो, आणि सांगतो, "भुरभुर हाय. तुमच्याकडं?" त्यांना ऐकू जात नाही. काहीतरी मताला पडलंय असं समजून ते हात वर करतात. मग मीही करतो. आणि दोघंही थोडा वेळ तसेच हात वर धरून बसतो, कुणीतरी मागून विरोध करील म्हणून.